कुम्हारीचा तो पाईप असली होता

गेल्या महिन्यापर्यंत ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हती — असं मी समजत होते. आता तुम्हाला सांगतेय. नीट सांगता येईल का, माहीत नाही. मला पत्रकं लिहायची सवय आहे. पत्रकात पहिल्याच ओळीत दोषी कोण ते सांगायचं असतं, जाड अक्षरात, पुढं उद्गारचिन्ह. मग इथं हात का अडतोय? दोषीचं नाव तर मला चांगलं माहीत आहे.

आणि हो, माझी सगळी पत्रकं हिंदीत असतात. भिलाईत राहून दुसऱ्या कशात लिहिणार? मराठी आमची घरातली. बाबा भंडाऱ्याकडून इथल्या स्टील प्लांटमध्ये नोकरीला आले, तेव्हापासून ती दाराच्या आतच राहिली. हिंदीत मला माइकवर बोलता येतं, घोषणा देता येते, समोरच्याला गप्प करता येतं. म्हणूनच हे हिंदीत लिहायचं नाही असं ठरवलं. मराठीत मला अजून भाषण ठोकता येत नाही. बरंच आहे ते.

रिसालीत, म्हणजे भिलाईतल्या आमच्या वस्तीत, मला लोक ‘पर्चेवाली’ म्हणतात — पत्रकं काढणारी. नळाला गढूळ पाणी आलं, पर्चेवालीला बोलवा. खाजगी शाळेनं फी वाढवली, पर्चेवालीला बोलवा. मी जाते, भांडते, लिहिते. माणसं टाळ्या वाजवतात. मला आवडतं ते — खोटं कशाला सांगू. हे सगळं एका पत्रकापासून सुरू झालं. त्याचा मथळा होता — ‘नकली पाइप ने छीनी असली आँख!’ शेजारच्या कुम्हारीपासून भिलाईतल्या पॉवर हाऊस भागापर्यंत भिंतींवर चिकटवलं होतं आम्ही ते. मी तेव्हा इंजिनीअरिंग कॉलेजात होते. कॉलेजच्या पोरीनं एवढं धारदार लिहिलं म्हणून वस्तीतल्या नागरिक संघटनेतल्या मोठ्या माणसांनी माझी पाठ थोपटली होती.

त्या मथळ्यातले दोनच शब्द खरे होते. डोळा खरा होता. आणि तो गेला, हे खरं होतं.

डोळा विशालदादाचा. दादा माझ्या मामाचा मुलगा. मामा रेल्वेत, म्हणून ते कुम्हारीला राहायचे, अजून राहतात. दादानं डिप्लोमा केला, असिस्टंट लोको पायलटची परीक्षा दिली आणि पास झाला. राहिली होती फक्त मेडिकल. मामी येईल-जाईल त्याला सांगायची, ‘‘आमचा विशाल आता इंजिन चालवनार हाय.’’ बाबासाहेबांच्या फोटोपुढं पेढ्यांचा पुडा ठेवला होता त्या दिवशी, आणि दादा म्हणाला होता, ‘‘मेडिकल होऊ दे न आई, आताच कावून वाटून राहिली?’’

आणि त्या रिकाम्या दिवसांत तो माझ्या कामाला आला. माझ्या. हे ध्यानात ठेवा. तोफ त्याला नको होती, मला हवी होती.

तोफ म्हणजे — हसू नका — आलूची तोफ. एक लांब नळी, तिच्या तोंडात आलू ठोसायचा, मागं त्याच पाईपच्या बंद टाकीत हवा भरायची, मधला वॉल्व्ह झटक्यात उघडायचा. आलू सुटतो. परदेशात हौशी लोक सुटीच्या दिवशी हे करतात म्हणे. आमच्या कॉलेजच्या टेक्निकल फेस्टमध्ये त्या वर्षी स्पर्धा ठेवली होती, कुणाचा आलू सगळ्यांत लांब जातो. आणि नुसता आलू उडवून भागणार नव्हतं, डिझाइनही दाखवायचं होतं.

म्हणून ते सॉफ्टवेअर. तिकडच्या हौशी लोकांनीच बनवून इंटरनेटवर फुकट ठेवलेलं. मला त्याचं वेडच लागलं. आलूचं वजन, नळीची लांबी, टाकीचा आकार — चौकटींत आकडे टाकायचे, बटण दाबायचं, की एक रेघ वळत वर चढायची आणि पडद्यावरचा चिमुकला आलू नळीतून सुटून बाहेर जायचा. नळी जरा वाढवली, आलू पुढं. जास्तच वाढवली, आलू मागं. मी जेवणाचं ताट तसंच ठेवून बसायची. दादा चिडवायचा, ‘‘काय वो मॅडम, तुह्या कंप्युटरमंदी आलू शिजते का नाई? भूक लागली न मले.’’

त्याच्या हाताला काम येत होतं, मला येत नव्हतं. वाटणी साधी होती. पडदा माझा, करवत त्याची. लॅपटॉप त्यानं एकदाही आपल्याकडं वळवून घेतला नाही. मी सांगेन ते माप, तो कापेल. एवढा विश्वास माणसानं का ठेवावा? धाकट्या बहिणीवर ठेवतात तेवढाच. जास्त नाही.

पाईप कुम्हारीतूनच घेतला. हायवेला लागून साहूजींचं हार्डवेअरचं छोटं दुकान होतं — नळ, पाईप, पेंटचे डबे. साहूजी म्हणजे बारीक अंगाचा, कानामागं पेन खोचलेला माणूस. मामीच्या बाथरूमचे नळही त्यांच्याकडचेच. त्यांनी पाईप काढून देता देता विचारलं, ‘‘का काम बर चाही, नोनी?’’ म्हणजे, कशासाठी हवाय, पोरी. त्यांना विचारायचंच होतं, विकणाऱ्यानं विचारायचंच असतं. मी म्हटलं, ‘‘टंकी बर, काका.’’ पाण्याच्या टाकीसाठी. दादानं माझ्याकडं बघून डोळा मारला. आलूची तोफ म्हटलं असतं तर सगळं दुकान हसलं असतं, म्हणून मी म्हटलं टाकी. एवढंच. एवढंच?

मी अजून मूळ गोष्टीकडं आलेच नाही. बघा, कशी लांबवतेय. दुसरा कुणी असं लांबवत बसला असता तर मी भर सभेत विचारलं असतं — मुद्दे पे आओ!

मुद्दा. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक यादी होती, पाईप कशाचा आहे ते निवडायची. मी प्लास्टिकचा तो पाईप निवडला, जो आम्ही आणला होता. आणि पडद्याच्या खाली एक लाल ओळ आली. इंग्रजीत होती, सोपी होती. हा पाईप पाण्याच्या दाबासाठी आहे, दाबलेल्या हवेसाठी वापरू नका, फुटला तर तुकडे उडतात. मला पूर्ण कळलं. अर्धवट नाही, पूर्ण. शब्दकोश लागला नाही.

मी काय केलं सांगू? यादी पुन्हा उघडली आणि ‘स्टील’ निवडलं.

लाल ओळ गेली. हिरवी आली. ओके.

बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल, पण आमच्या गावात स्टील म्हटलं की पुढचा प्रश्नच संपतो. कपडे वाळवायची तार तुटली — स्टीलची लाव. खाट करकरली — स्टीलची घे. ज्याच्या त्याच्या घरात कुणीतरी प्लांटमध्ये आहे, माझे बाबा रोलिंग मिलमध्ये होते. लहानपणापासून ‘मजबूत’ या शब्दाच्या जागी आम्ही स्टीलच शिकलो. परीक्षकही प्लांटमधूनच येणार होते. त्यांना हिरवा रिपोर्ट दाखवायचा, त्यावर स्टील लिहिलेलं, मग कोण काय विचारणार? आणि खरा स्टीलचा पाईप आणायला काय झालं होतं? जड होता, वेल्डिंग करायला माणूस शोधावा लागला असता, फेस्ट तोंडावर आलं होतं. सगळी कारणं आहेत माझ्याकडं. एकही कामाचं नाही.

त्या क्षणी मला काय वाटलं होतं — मी पुष्कळदा आठवून पाहिलं. भीती वाटली नव्हती. वाटला होता तो राग. इतकी सुंदर रेघ आली होती माझी, आणि ही लाल ओळ ती बिघडवते म्हणून राग. मी तिला पडद्यावरून काढलं आणि समजले की ती जगातून गेली.

मग दादा आला, हात पुसत. विचारलं, ‘‘काय म्हनते तुहं सॉफ्टवेअर?’’

मी म्हणाले, ‘‘ओके म्हणते.’’

हेच ते. एवढे दोन शब्द. बाकीचं सगळं आयुष्य मी या दोन शब्दांच्या वर रचलंय.

रिसालीच्या मागच्या मोकळ्या मैदानात आम्ही ती उडवून पाहिली. पहिले आलू गेले. लांब गेले, आम्ही ओरडलो, नाचलो. मग मी म्हटलं — दादानं नाही, मी — ‘‘हवा जरा वाढव न, रेघेच्या शेंड्यापर्यंत जाऊ दे.’’ तो टाकीवर वाकला होता. टाकी फुटल्याचा आवाज झाला, आणि दादा खाली बसला. पडला नाही, बसला, दोन्ही हातांनी तोंड धरून, जणू त्याला काहीतरी आठवत नव्हतं. मी बरीच मागं उभी होते. मी मागं का उभी होते, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही.

दवाखान्यात मामा आला, ड्यूटीच्या कपड्यांतच. ‘‘काय झालं वो पोरी? नीट सांग.’’ मी रडत होते. रडता रडता तोंडातून निघालं, ‘‘पाईप डुप्लिकेट निघाला, मामा.’’

कुठून आलं ते? ठरवून नाही आलं. पण ते बाहेर पडल्याबरोबर काय झालं ते मी पाहिलं — मामाचा चेहरा बदलला. मघापर्यंत तो माझ्याकडं बघत होता. आता तो माझ्या पलीकडं, कुणातरी दुसऱ्याकडं बघायला लागला. मला श्वास घेता आला. आणि कुणाला खोटं वाटणार होतं? आपल्याकडं औषध डुप्लिकेट, बेअरिंग डुप्लिकेट, खवा डुप्लिकेट. पाईप तेवढा खरा कसा असेल? दादालाही तेच सांगितलं. पट्टीखालून तो म्हणाला, ‘‘साहूजी असा निघंल वाटलं नव्हतं यार.’’

मी मान हलवली. त्याला ती दिसत नव्हती, तरी हलवली.

मेडिकल गेली. एका डोळ्याच्या माणसाला कोण इंजिन देणार?

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. संघटनेतले लोक भेटायला आले, म्हणाले, तू शिकलेली आहेस, तूच लिही. मी लिहिलं. असं लिहिलं की वाचणाऱ्याचे हात शिवशिवावेत. आणि हे मला सांगायलाच हवं — लिहिताना मला खरोखरचा संताप येत होता. खोटा नव्हता तो. मी साहूजींवर मनापासून चिडले होते. माणूस स्वतःच्या खोट्यावर इतका कसा चिडू शकतो? पण मी चिडले होते, आणि त्या चिडीनं मला झोप लागत होती.

कुम्हारीच्या चौकात सभा झाली. माझ्या हातात फुटलेल्या पाईपचा तुकडा दिला होता. मी तो उंच धरला आणि ओरडले, ‘‘ये देखिए!’’ लोकांनी पाहिला. त्या तुकड्यावर कंपनीचं नाव होतं, सरकारी मानकाचा छाप होता, सगळं स्पष्ट, खरं. माझा अंगठा त्या छापावर होता. तो तिथं चुकून गेला, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. नाही. मी तुकडा हातात घेतला, छाप पाहिला आणि मग अंगठा ठेवला.

कुणीतरी म्हणालं, पाईप तपासून घेऊ. मी दुसरं पत्रक काढलं. ‘जाँच के नाम पर लीपापोती नहीं चलेगी!’ तपासणीच्या नावाखाली सारवासारव चालणार नाही. बघा काय धंदा. तपासणी होऊ नये म्हणून मी तपासणीलाच भ्रष्ट ठरवलं, आणि त्याला टाळ्या पडल्या. साहूजी दुकानाच्या पायरीवर उभे राहून म्हणत होते, पाण्यासाठी दिला होता, टंकी सांगितलं होतं, नोनीला विचारा. मी गर्दीच्या पुढच्याच रांगेत होते. मला कुणी विचारलं नाही. शटरवर काळा रंग फासला गेला. कुणीतरी दगड मारला. काही दिवसांनी दुकान उघडेनासं झालं, मग बोर्ड उतरला, आता तिथं मोबाइलचं दुकान आहे.

मला वाटलं होतं, हळूहळू मिटेल. मिटलं नाही. उलट त्याच्यावर माझी सगळी इमारत उभी राहिली. कुठंही ओळख करून देताना, ‘यही वो लड़की है जिसने नकली पाइपवालों की दुकान बंद कराई.’ दादा माझ्या सभांना यायचा. काळा चष्मा लावून पहिल्या रांगेत बसायचा. कुम्हारीतच त्यानं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं. रेल्वेची भरती निघाली की तिथं पोरांची गर्दी होते, आणि दादा त्यांचे लोको पायलटचे फॉर्म भरतो. मी हे अनेकदा पाहिलंय, बाकड्यावर बसून, त्यानं मागवलेला चहा पीत.

एकदा साहूजीही दिसले. चुनखडीच्या धुळीविरुद्ध पत्रकं वाटायला आम्ही अहिवाऱ्याला गेलो होतो. एका मोठ्या दुकानात दुसऱ्याच्या हाताखाली ते सिमेंटची पोती मोजून देत होते. मी पत्रक पुढं केलं आणि मग चेहरा पाहिला. त्यांनी ते घेतलं, घडी केली, खिशात ठेवलं. मी पुढच्या दुकानात गेले. तिथंही मी मोठ्यानं बोलले. जास्तच मोठ्यानं.

मग मी आता का बोलतेय? मन बदललं म्हणून? तसं काही नाही. मी आणखी वीस वर्षं गप्प राहिले असते. तेवढी तयारी होती माझी.

झालं असं. या दिवाळीच्या आधी संघटनेनं शाळाशाळांत कार्यक्रम ठेवले. पोरं पाईपच्या बंदुका बनवतात, डोळे जातात, म्हणून. दादाला बोलायला बोलावलं. त्याचं पाहून पोरं शिकतील. मी मंचावर त्याच्या शेजारी. दादा चांगलं बोलला. चष्मा काढून दाखवला. मग नववीतली एक मुलगी उठली. दोन वेण्या, हुशार डोळे. म्हणाली, भैया, माझ्या भावाच्या फोनमध्ये तसलं ॲप आहे, डिझाइन बनतं त्यात. ‘‘तो पाइप असली लें, तो बना सकते हैं ना?’’

दादा प्रामाणिक माणूस आहे, त्याला जे माहीत होतं तेच त्यानं सांगितलं. ‘‘देखो, सबसे अच्छा तो मत बनाओ। पर बनाना ही है तो मार्का देखके असली लेना। मेरा नकली था, इसलिए फटा।’’

मुलीनं मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मी मंचावर बसले होते. माइक माझ्या हाताशी होता. तुम्ही म्हणाल, आता तरी उठली असशील. नाही. हार घातले, आभार झाले, समोसे आले, मी समोसा खाल्ला. घरी आल्यावर मला उलटी झाली, आणि ती समोशामुळं झाली असं मी आईला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुम्हारीची बस धरली. दादाच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी उभ्या उभ्याच सांगितलं. लाल ओळ, स्टील, ओके. तो ऐकत होता, हातातला माउस उगीच फिरवत. मधे एकदा म्हणाला, ‘‘थांब. त्या ओळीत तुकडे उडतेत असं लिवलं होतं?’’ मी हो म्हटलं. ‘‘अन् तुले वाचता आलं होतं?’’ हो. ‘‘मंग मले कावून नाई सांगितलं वो?’’

रेघ सुंदर होती म्हणून, हे उत्तर आहे का?

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो उठला, चष्मा घातला, शटर ओढलं. मला वाटलं, मला हाकलतोय. म्हणाला, ‘‘गाडीवर बस. त्या पोरीले सांगा लागन पहिले.’’

शाळेत त्यानं हेडमॅडमना विनंती केली आणि सगळ्या नववीला पुन्हा बसवलं. मी मागं उभी. दादा पोरांना म्हणाला, ‘‘कल मैंने गलत बताया। असली पाइप भी फटता है। ये पाइप पानी का है, हवा का नहीं। मेरा भी असली ही था।’’ मुलीनं विचारलं, ‘‘तो भैया, आपने कल झूठ क्यों बोला?’’

दादानं माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा मी पुढं गेले आणि सांगितलं की खोटं त्याचं नव्हतं. एवढ्या सभा केल्या मी, आवाज कधी असा फुटला नव्हता. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘‘दीदी, जोर से!’’

बाहेर आल्यावर दादानं गाडी सुरू केली आणि एकटाच निघून गेला. त्यानंतर आजपर्यंत तो माझ्याशी बोललेला नाही. मामीचा फोन आला होता. ती नुसती रडत होती, मग फोन ठेवला. बाबांना त्याच संध्याकाळी मी स्वतः सांगितलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

साहूजी राहिले होते. मी अहिवाऱ्याला गेले. पोती उतरवून ते हात झटकत होते. मी सांगायला सुरुवात केली, आणि त्यांनी मधेच हात वर केला. ‘‘मोला का बताथस, नोनी। मैं तो जानथौं। घर म जा के बता।’’

मला का सांगतेस. मला तर ठाऊकच आहे. घरी जाऊन सांग.

खरंच, मी किती मूर्ख! एवढी वर्षं मला वाटत होतं, हे फक्त मला माहीत आहे. पाईप खरा आहे, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आपण टंकी ऐकलं, हेही माहीत होतं. ते ज्यांना पटवू शकले नाहीत, ती माणसं दुसरी होती.

त्यांचं घर कुम्हारीतच, जुन्या दुकानाच्या मागच्या गल्लीत. त्यांची बायको ओट्यावर बसून भाजी निवडत होती. मी नाव सांगितलं. तिनं मला ओळखलं होतंच. मी सगळं सांगितलं, हिंदीत, तुटक तुटक. तिचे हात चालूच होते. मी थांबले तेव्हा ती म्हणाली, ‘‘ओ दिन ले एकर लाए हर समान ला मैं उलट-पलट के देखथौं। तेल, नून — सब।’’

त्या दिवसापासून नवऱ्यानं घरात आणलेली प्रत्येक वस्तू ती उलटीपालटी करून बघत आली होती. खरी आहे का म्हणून. मीठसुद्धा.

एवढं बोलून तिचे हात थांबले. मग उठली, गल्लीत गेली आणि एकेका दाराशी उभी राहून हाका मारू लागली. माणसं आली. काही चेहरे मला ओळखीचे होते. त्या दिवशी माझ्या गर्दीत होते ते, काळ्या रंगाचा डबा घेऊन आलेलाही त्यांत होता. ती मला म्हणाली, ‘‘अब बता।’’

मी सांगितलं. माइक नव्हता. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी शिवीही दिली नाही. एक म्हातारा मधेच डोक्याचा गमछा सोडून हातात धरून उभा राहिला. मी संपवलं.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून एक बाई आली, हातात दुधाची बरणी. काय झालं म्हणून विचारू लागली. साहूजींच्या बायकोनं तिला हाताला धरून पुढं आणलं, माझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाली, ‘‘अउ एक घाँव बता।’’

पुन्हा एकदा सांग.

मी पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं.